जेवणाच्या टेबलावर एक चौरंग

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं देते.

"वय 47, उंची पाच फूट एक इंच. दोन वर्षांपासून सुती कापडाचे चौकोन जोडून बाळांची दुपटी आणि गोधड्या शिवते. ओळखीतून महिन्याला चार-पाच ऑर्डरी येतात. घर वन बीएचके. कटिंग मी हॉलमध्ये फरशीवर बसून करते. तासाभरात कंबर धरते, गुडघे उठू देत नाहीत. शिवाय चौकोन जोडले की कोपरे जुळत नाहीत, ओळी लहान-मोठ्या होतात. सुतारानं सहा बाय चारचं खणांचं टेबल सुचवलं, 22,000 रुपये सांगितले. माझ्याकडे जेमतेम 6,000 आहेत आणि नवीन टेबल ठेवायला जागाही नाही, चार खुर्च्यांचं लाकडी जेवणाचं टेबल तेवढं आहे. सासूबाई म्हणतात, आमच्या सगळ्या गोधड्या जमिनीवरच झाल्या, टेबल कशाला? काय करू?"

ताई, सासूबाईंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. त्या बरोबर बोलतायत.

माझी आजी सांगलीकडची. तिथे गोधडीला वाकळ म्हणायचे. उन्हाळ्यात दुपारी सोप्यात जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर हाताला येईल ते वजन ठेवायचं, त्यात एका कोपऱ्यावर वरवंटा ठरलेला. त्यावर जुनेराचे एकदोन थर, आणि मग चिंध्यांच्या गाठोड्यातून एकेक तुकडा काढून कड आत दुमडत धावदोरा घालत जायचं. तुकडा आखूड पडला तर शेजारचा बोटभर पुढे सरकायचा. मोजपट्टी घरात होती की नाही, मला आठवत नाही. ती लागायचीच नाही. वरचा तुकडा खालच्या कापडावर बसतो, कडा एकमेकींवर चढतात, आणि सगळ्याला धरून ठेवतो तो धावदोरा. अशा वाकळेला जमीनच हवी. चौघीजणी चार बाजूंनी बसायच्या, त्यांना टेबल पुरलं नसतं.

तुमचं काम वेगळं आहे. तुम्ही चौकोन आधी कापता, पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरून एकमेकांना टीप घालून जोडता, आणि मग खाली थर लावता. इथे खालचं कापड चूक सांभाळून घेत नाही. हिशेब करून बघा. पाच इंचाचा चौकोन, दोन्ही बाजूंची माया गेली की साडेचार इंच उरतो. आडवे आठ आणि उभे दहा लावले की 36 बाय 45 इंचाचं दुपटं होतं. आता सुताराच्या भाषेत बोलू. इंचाचे आठ सूत. प्रत्येक चौकोन एक सूत मोठा कापला गेला, तर आठ चौकोनांच्या ओळीत आठ सूत वाढले, म्हणजे पुरा एक इंच. शेजारची ओळ नीट कापलेली असेल तर ती पहिलीपेक्षा इंचानं आखूड. मग आपण ओढून-ताणून टीप घालतो, कोपरे सरकतात आणि दुपट्याला मधे फुगा येतो.

फरशीवर बसून कापताना ते सूत कुठून येतं, तेही सांगते. मांडी घालून पुढे वाकलं की डोळा पट्टीच्या रेघेवर सरळ येत नाही, तिरका पडतो. हाताचा दाब वरून न पडता बाजूनं पडतो, त्यामुळे पट्टी शेवटच्या चार इंचांत हलकेच फिरते. तुम्ही पत्रात कंबर आणि कोपरे या दोन तक्रारी वेगळ्या लिहिल्यात. मला ती एकच तक्रार दिसते. उंची सुधारली की दोन्हींत फरक पडेल.

म्हणून टेबलाचा विचार उंचीपासून करा. रोज घालता त्या सपाता घालून सरळ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायला सांगा. त्यातून चार इंच वजा करा. तुमच्या उंचीला कोपर 38 इंचांच्या आसपास येईल, म्हणजे कापायची पातळी 34 इंच. जेवणाचं टेबल साधारण 29-30 इंचांचं असतं. ते खुर्चीवर बसून जेवण्यासाठी केलेलं, उभ्यानं कापायला चार-पाच इंच कमी पडतं. त्या चार-पाच इंचांसाठी माणूस तासभर पाठीला बाक काढून उभा राहतो.

खर्च करण्याआधी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कापून बघा. ओटे बहुतेक 32 ते 34 इंच उंच आणि दोन फूट खोल असतात. दुपारी जेवणं आवरली की ओटा पुसा, नीट सुकू द्या आणि वर एक जुनी चादर टाका, कारण हळदीचा डाग कुठे लपलेला असतो ते पांढरं कापडच दाखवतं. ओट्यावर अर्धा तास कापून खांदे वर उचलले जात असतील तर तुम्हाला इंचभर कमी उंची हवी, मान खाली लोंबत असेल तर जास्त. फुकटात होणारी ही चाचणी कृपा करून टाळू नका. मी टाळली होती.

2009 साली मी सहा बाय चारचं टेबल करून घेतलं. उंची विचारायचं सुचलं नाही, सुतारानं सवयीनं 30 इंच धरली. पैसे वाचवायला कमर्शिअल प्लाय घेतला आणि टेबल गॅलरीत ठेवलं. पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगल्या, थर सुटले, आणि फुगलेल्या कडेत कापडाचे धागे अडकायला लागले. लांबीचाही उपयोग झाला नाही. उभ्यानं हात आरामात पोचतो तो दोन-सव्वादोन फूट. त्यापलीकडच्या जागेवर कधी कापड कापलं गेलं नाही, तिथे इस्त्रीचे कपडे आणि रद्दी साठत राहिली. ते टेबल मी दोन वर्षांत देऊन टाकलं.

तुम्हाला तर एवढं टेबल लागतच नाही. साध्या सुती कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 44 इंच असते. पन्हा मधे दुमडला की 22 इंच. म्हणजे 24 इंच लांब आणि 18 इंच खोल एवढ्या जागेत पूर्ण पन्ह्याची पट्टी एका कापात निघते. साडीचा पन्हा थोडा जास्त असतो, ती दोनदा दुमडायची. दुपटं कितीही मोठं असो, कापायला लागते ती जागा एवढीच.

आता माझा सल्ला. तुमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवायला एक मोठा चौरंग करून घ्या.

पूजेचा नसतो का, तसाच, पण 36 बाय 24 इंचांचा आणि साधारण साडेचार इंच उंच. नेमकी उंची म्हणजे ओट्यावर ठरलेली पातळी वजा तुमच्या टेबलाची उंची. वरची फळी 19 मिलीमीटर प्लायची. प्लायच्या दुकानात 303 आणि 710 असे आकडे ऐकू येतील. 710 म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. पूर्ण आठ बाय चारची शीट घेऊ नका. सुतारांकडे मॉड्युलर किचनच्या कामातून उरलेले चांगले तुकडे असतात, सहा चौरस फुटांचा तुकडा सहज मिळतो. फळी सपाट आहे ना हे बघायला तिच्यावर लांब स्टीलची पट्टी आडवी-तिरकी ठेवा आणि पट्टीखालून उजेड दिसतो का पाहा.

चार सुटे पाय लावू देऊ नका. दोन बाजूंना पूर्ण लांबीच्या आणि मागे एक अशा तीन उभ्या पट्ट्या लावायला सांगा. वजन सगळीकडे सारखं पडतं, फळी मधे वाकत नाही, आणि पुढची बाजू उघडी राहिल्यामुळे खाली तीन-साडेतीन इंचांचा कप्पा तयार होतो. त्यात पट्टी, कात्री, कटर, खडू सगळं राहतं. पट्ट्यांच्या तळाला रबरी बुचं हवीत, म्हणजे चौरंग सरकणार नाही आणि जेवणाच्या टेबलाला ओरखडे पडणार नाहीत. वरून चकचकीत सनमायका लावू नका. कापड घसरतं आणि ट्यूबलाइटची तिरीप डोळ्यांवर येते. नुसतं पॉलिश पेपरनं घासून, कडा गोल करून, मेणबत्ती चोळली तरी पुष्कळ. घासून झालं की पायातला जुना नायलॉनचा मोजा कडेवरून फिरवा. तो अडकला नाही तर कापडही अडकणार नाही.

माझ्या शेजारणीनं गेल्या दिवाळीत असाच करून घेतला, साहित्य आणि मजुरी धरून 1,800 रुपये पडले. तुमच्याकडे दोनशे-पाचशे इकडे-तिकडे होतील. काम झालं की तो कपाटाच्या बाजूला उभा राहतो आणि टेबलावर ताटं मांडता येतात. एक मात्र तपासा. टेबल आधीच डुगडुगत असेल तर आधी त्याचे नटबोल्ट आवळून घ्या.

आता मॅटकडे, म्हणजे कापताना कापडाखाली घ्यायच्या चटईकडे वळू. ब्लँकेटवर कात्रीनं कापणं चालेल का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. चालतं, पण कात्रीचं खालचं पातं प्रत्येक कापाला कापड उचलतं, आणि दोन पदर असतील तर खालचा पदर मागे राहतो. सूतभर फरक तिथेही येतो. चौकोनांचं काम वाढलंय म्हणता, तर रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर घ्या, 45 मिलीमीटर पात्याचा. त्याखाली काप आपोआप भरून येणारी मॅट लागतेच, लाकडावर किंवा काचेवर पातं दुसऱ्या दिवशी बोथट होतं. ए-टू आकाराची, 60 बाय 45 सेंटिमीटरची मॅट तुमच्या दुमडलेल्या पन्ह्याला पुरते. ए-वन छान असते, पण ती ऑर्डरींच्या पैशांतून पुढे कधीतरी घ्या. मॅट उन्हात ठेवू नका, गरम इस्त्री तिच्यावर टेकवू नका, भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. एकदा वाकली की परत सरळ होत नाही. ती रात्री गादीखाली आडवी राहिली तर उत्तम.

पट्टीवर पैसे वाचवायची माझी एक रीत आहे. पाट्या, नावाचे बोर्ड करून देणारी ॲक्रिलिकची दुकानं असतात. लेसरनं कापून देणाऱ्या दुकानात जाऊन जाड, पारदर्शक ॲक्रिलिकची बरोबर 5 बाय 24 इंचांची पट्टी आणि 5 बाय 5 इंचांचा एक चौकोन कापून घ्या. दुकानातून हलण्याआधी सुताराचा गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे ना ते बघा. खालच्या बाजूला चार कोपऱ्यांत बोटाच्या नखाएवढे पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवा, पट्टी घसरायची थांबते. तुमचं मुख्य काम पाच इंचाच्या चौकोनांचं असेल तर रेघा मोजायचीही गरज नाही, पट्टी ठेवायची आणि कडेनं कटर फिरवायचा. कटर नेहमी स्वतःपासून लांब ढकलत न्यायचा. डाव्या हाताची बोटं पट्टीवर कोळ्यासारखी पसरलेली, करंगळी पट्टीच्या पलीकडे कापडावर. आणि प्रत्येक कापानंतर पातं बंद. हातात धरूनच बंद करायची सवय लावा, कटर खाली ठेवल्यावर ते लक्षात राहत नाही. ज्या घरात बाळांची दुपटी होतात तिथे बाळंही येतात.

पातं बोथट झालं की ते कचऱ्यात तसंच टाकू नका. पत्र्याच्या डबीत साठवा, डबी भरली की चिकटपट्टीनं बंद करा आणि घंटागाडीवर देताना आत पाती आहेत हे तोंडानं सांगा. कचरा हातानं वेगळा करणाऱ्या बायकांची बोटं मी पाहिली आहेत.

जुन्या सुती साड्यांना मात्र कटरही लागत नाही. काठाला कात्रीनं बोटभर चीर द्या आणि टर्रकन टरकवा. सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे पट्टी आपसूक सरळ येते. कडेला दोन-चार धागे सुटतात, तेवढी रुंदी जास्त धरायची, इस्त्री करायची, आणि मग फक्त आडवे काप मॅटवर घ्यायचे. निम्मं काम असं उभ्या उभ्या, टेबलाशिवाय होतं. सिंथेटिक मिसळलेल्या साडीवर हे करायला जाऊ नका, ती वेडीवाकडी ताणली जाते.

उजेडाचं सांगायला हवं. हॉलची ट्यूब तुमच्या पाठीमागे असेल तर स्वतःचीच सावली पट्टीवर पडते. चार फुटी एलईडी बॅटन टेबलाच्या समोर, थोडी डावीकडे लावून घ्या. तुम्ही डावखुऱ्या असाल तर उजवीकडे. पण रंग जुळवणी तिच्याखाली करू नका. निळसर पांढऱ्या उजेडात मरून आणि चॉकलेटी सारखेच दिसतात. रंग सकाळी खिडकीशी ठरवायचे, कापायचं कधीही. पंखा लागणारच, आपल्याकडे त्याला इलाज नाही. कापलेल्या गड्ड्यांवर ठेवायला दोन-तीन गुळगुळीत दगड धुऊन, कापडात शिवून घ्या. पायाखाली सतरंजीची चौपदरी घडी टाका. फरशीवर उभं राहून टाचा दुखतात आणि दोष आपण कंबरेला देतो. चाळीस मिनिटं झाली की बसा, मशिनचं काम घ्या.

मशीन कोणतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. जुनं पायमशीन असेल तर ते विकू नका. त्याचं डोकं लाकडी फळीत बसवलेलं असतं, टाक्याची पातळी आणि टेबलाची पातळी एकच. गोधडी जड झाली की तिचं वजन टेबल पेलतं, सुईला ओढ बसत नाही. वर ठेवायच्या इलेक्ट्रिक मशिनला तीच सोय हवी असेल तर डावीकडे आणि मागे मशिनच्या पायथ्याएवढ्या उंचीचे खोके किंवा पुस्तकांच्या गड्ड्या लावा. लोंबणारं कापड सुई वाकवतं.

इस्त्रीसाठी वेगळी फळी घेऊ नका. चौरंग काढून ठेवला की त्याच टेबलावर घोंगडीची घडी आणि वर जुनं सुती धोतर. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे टीप दोन्हीकडून दबल्यासारखी सपाट बसते. घरात घोंगडी नसेल तर सोलापूर-कोल्हापूरकडचं कुणी येणार असेल त्यांना लहानशी आणायला सांगा, जाडीभरडी चालेल. चौकोन जोडल्यावर इस्त्री फिरवायची नसते, वरून दाबून उचलायची. फिरवली की तिरक्या धाग्यावर कापड ताणतं. वाफेची इस्त्री असेल तर मोठ्या 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा, बारीक एक्स्टेंशनवर नको.

कापडाच्या साठ्यासाठी खण लागत नाहीत. पत्र्याची ट्रंक पलंगाखाली, आत सुकवलेला कडुनिंबाचा पाला, झालं. सुताराच्या त्या 22,000 मधले निम्मे त्या खणांचेच असणार.

राहिले थर. अस्तर, मधला कापूस किंवा जुनेर, आणि वरचं जोडलेलं कापड एकावर एक बसवून कच्चे टाके घालणं. हे टेबलावर करायचा प्रयत्न करू नका. दुपटं बसेल एखादवेळ, पण पाच बाय सात फुटांची गोधडी चारी बाजूंनी लोंबते आणि अस्तर खाली ताणलं जाऊन चुण्या पडतात. हे काम फरशीचंच. फरशीचे सांधे काटकोनात असतात, त्यांचा फायदा घ्या. अस्तराची एक कड सांध्याच्या रेघेला लावा, कागदी चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा, मग समोरची कड, मग बाजूच्या. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. वरचे थर पसरले की तळहातानं मधून कडेकडे सारखं करत जा. ऑर्डरी महिन्याला चार-पाचच असतील तर खाली बसण्याचं काम महिन्यातून चार-पाचदाच येईल. तेवढं गुडघ्यांना पाटावर बसून झेपावं.

इथे सासूबाईंना बोलवा. त्यांना खाली बसवत नसेल तर खुर्चीवर बसू द्या. अस्तराला कुठे झोळ आलाय ते वरून त्यांना तुमच्याआधी दिसेल, त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलंय. कदाचित त्या म्हणतील, धावदोरा कडेनं आत घालत ये. आमच्याकडेही आजी कडेनंच सुरू करायची आणि मधे येऊन संपवायची. जुन्या साड्यांचे नुसते थर असतील तर त्यांचं ऐका, थर पातळ असतात, एकमेकांना चिकटून बसतात. मधे कापूस किंवा पॉलिफिल, म्हणजे सिंथेटिक कापूस, घातला असेल तर मधून बाहेर जा, नाहीतर जादाचं कापड मधे साठतं आणि शेवटी चुणी येते. हे त्यांना एकदा करून दाखवा.

चौरंग झाला की त्याची उंची एकदा सासूबाईंच्या खुर्चीशीही लावून बघा. जेवणाच्या टेबलावर नाही, नुसता जमिनीवर ठेवून. साडेचार इंचांवर त्यांचे पाय ठेवता आले आणि मांडीवर गोधडीची कड आली, तर तासभर टाके घालताना त्यांच्या पायांना आराम पडेल.